पाण्यातला थांबा

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईत किंवा रायगड जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडीवते या गावांत दरडी घरांवर आल्या. आमच्या अष्टमीत लोक कुंडलिकेच्या पाण्याकडे बघत बसले होते. या गदारोळात दुसऱ्या दिवशीची एक बातमी मागं पडली. ती जमिनीवरची नव्हती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ती घडली होती.

तिथं ‘समुद्र सुरक्षा’ नावाचं ओएनजीसीचं जहाज पाणबुड्यांच्या कामासाठी उभं होतं. जहाजावरच्या आचाऱ्याची दोन बोटं कापली गेली. हवा अशी की किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर मिळेना. तेव्हा त्याला शेजारच्या बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर क्रेननं वर घ्यायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ आणलं. आचारी वर पोचला. पण लाटेनं जहाज प्लॅटफॉर्मकडे ढकललं, त्याची हेलिकॉप्टर उतरायची गच्ची गॅसच्या उभ्या नळांवर आदळली, आणि आग लागली. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्म, जहाज आणि शेजारचं खोदकामाचं यंत्र मिळून तिथं ३८४ माणसं होती. त्यातली २२ परत आली नाहीत.

जहाजालाही आग लागली होती. ते सोडून माणसं निघाली. पण सहा जण निघाले नाहीत. ते जहाजाच्या पोटातल्या एका बंद पोलादी खोलीत होते, आणि त्यांना दार उघडून पळता येत नव्हतं. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. दार उघडलं असतं तर बाहेरच्या साध्या हवेनंच त्यांचा जीव गेला असता. आगीतून वाचलेल्या त्या जहाजावर ते सहा जण ३६ तास होते. मग त्यांची सुटका झाली. जहाज पुढं १ ऑगस्टला बुडालं.

साधी हवा माणसाला मारते कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपुरता. पण आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत कुणी ना कुणी जहाजावर असतोच. माझा एक मामेभाऊ ऐंशीच्या दशकात तेलाच्या बार्जवर कामाला होता. पाणबुड्याची नळी आणि दोर सांभाळायचं त्याचं काम. त्याला बार्जवर ‘टेंडर’ म्हणत. सरकारी निविदेशी त्याचा काही संबंध नाही, हे त्याला गावात दर वेळी समजावून सांगावं लागे. त्यानं मला जे सांगितलं ते आणि पुढं मी वाचत गेलो ते, असं मिळून हे बोलणं आहे.

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत बाटलीत एक बुडबुडा दिसत नाही. वायू पाण्यात विरघळून गप्प बसलेला असतो. गोटी आत गेली, दाब सुटला, की सगळी बाटली फसफसते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरवर माणूस चार वातावरणांच्या दाबाखाली असतो, आणि त्याला श्वासाची हवाही त्याच दाबानं द्यावी लागते. हवेतला पाचातला चार हिस्सा नायट्रोजन. तो शरीराच्या कामाचा नाही, पण दाबाखाली रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. खाली असेपर्यंत त्याचा त्रास फारसा नाही. माणूस झटकन वर आला की मात्र शरीर सोड्याची बाटली होतं. सांध्यांत बुडबुडे झाले तर असह्य कळा, मज्जारज्जूत झाले तर लकवा, आणि फुफ्फुसांत फार झाले तर मरण.

म्हणून सावकाश वर यायचं. वाटेत ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबायचं, आत साठलेला वायू श्वासावाटे जाऊ द्यायचा. याला इंग्रजीत डिकम्प्रेशन म्हणतात. पाठ्यपुस्तकात ‘विसंपीडन’ असा शब्द आहे. तो उच्चारेपर्यंत पाणबुड्याचा एक श्वास संपेल. माझा मामेभाऊ ‘थांबा’ म्हणायचा, एसटीचा असतो तसा. मी तोच शब्द वापरतो.

हा थांबा माणसाला सुचायला साठ-सत्तर वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात त्याची किंमत मजुरांनी मोजली. १८४१च्या सुमारास त्रीजे नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं लुआर नदीकाठी कोळशाच्या खाणीसाठी एक युक्ती काढली. लोखंडी नळकांडं चिखलात उतरवायचं, आत दाबाची हवा भरायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि माणसं तळाशी कोरडी उभी राहून खोदू शकतात. युक्ती चालली. पण बाहेर आल्यावर मजुरांचे सांधे दुखू लागले. १८५४ साली पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवलं की दाबाच्या हवेत जाण्यात अपाय नाही, अपाय आहे तो बाहेर पडण्यात. कळलं एवढं, पण का ते कळलं नाही.

मग अमेरिकेत मोठमोठ्या पुलांचे पाये याच पद्धतीनं घातले गेले. सेंट लुईसला मिसिसिपीवरच्या ईड्स पुलाच्या कामावर डझनाहून अधिक मजूर दगावले. तिथला डॉक्टर जामिने स्वतः सत्तावीस-अठ्ठावीस मीटर दाबातून साडेतीन मिनिटांत बाहेर आला आणि घरी जाऊन लुळा पडला. तो बरा झाला आणि त्यानं ते लिहून ठेवलं. मजुरांपैकी कुणाचं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ब्रुकलीन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच दुखण्यानं अंथरुणाला खिळला. पुढची अकरा वर्षं त्याची बायको एमिली निरोप घेऊन कामावर जात राहिली आणि पूल पुरा झाला. या दुखण्याला तिथं ‘बेंड्स’ नाव पडलं, कारण कळांनी माणूस वाकून चाले. आपल्याकडेही हावडा पुलाच्या पायासाठी १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या बाजूला चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या दाबात सुमारे पाचशे कामगार राबले. पुलाच्या लोखंडाचं वजन कुठंही वाचायला मिळतं. या पाचशेंबद्दल एक ओळ मिळते.

बुडबुड्यांचं कारण १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं पक्कं केलं. पण किती थांबायचं हा हिशेब मांडला तो जॉन स्कॉट हॉल्डेननं. ब्रिटिश नौदलानं त्याला हे काम दिलं. त्यानं प्रयोग केले शेळ्यांवर. पोलादी टाकीत शेळ्या कोंडायच्या, दाब वाढवायचा, मग उतरवायचा. ज्या शेळीला बाधा होई ती पुढचा एक पाय उचलून उभी राही. बकरी ईदच्या आधी महिनाभर घरात बोकड पाळलेल्या माणसाला हे वाचताना बरं वाटत नाही, पण त्या शेळ्यांनी पुढं हजारो माणसं वाचवली हेही खरं. हॉल्डेनला दिसलं की दाब एकदम निम्म्यावर आणला तर बहुधा बाधा होत नाही, पुढचा मात्र टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो. म्हणजे तीस मीटरवरच्या माणसानं चार वातावरणांतून दोनांवर, दहा मीटरपर्यंत, बेताबेतानं यावं. खरा धीर पुढं धरावा, शेवटच्या काही मीटरांत. त्यानं दर दहा फुटांना एक असे थांबे ठरवले. १९०६ साली स्कॉटलंडच्या खाडीत डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोघे जण त्या हिशेबानं २१० फूट खोल जाऊन धडधाकट वर आले. १९०८ साली बॉयकॉट, डॅमंट आणि हॉल्डेन यांचा प्रबंध छापला गेला. त्यानंतर कोष्टकं कितीदा तरी बदलली, सुधारली. पण सगळ्यांत वरचा थांबा सगळ्यांत लांब असतो ही गोष्ट बदलली नाही.

हा डॅमंट पुढं मोठा माणूस झाला. १९१७ साली आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर ‘लॉरेंटिक’ हे जहाज सुरुंगावर आदळून बुडालं. त्यात सोन्याच्या ३२११ विटा होत्या. खोली चाळीस मीटर, समुद्र उघडा. १९२४पर्यंत डॅमंटच्या पाणबुड्यांनी त्यातल्या ३१८६ विटा वर काढल्या.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. हॉल्डेनच्या कोष्टकात लिहिलेलं असतं, अमुक फुटांवर इतकी मिनिटं थांबा. कागदावर हे सोपं आहे. पण थांबायचं कशावर? पाण्यात पायरी नाही. खाली जमीन नाही, वर आधार नाही, आणि बाजूनं प्रवाह ओढतोय.

त्या काळच्या पाणबुड्याला याचं उत्तर तयार मिळालं होतं. तांब्याचं शिरस्त्राण, शिशाच्या तळाचे बूट, अंगाला हवेची नळी आणि जीवनदोर. शिवाय होडीतून तळापर्यंत वजन बांधलेला एक दोर सोडलेला असे. त्या दोराला धरून खाली जायचं, त्यालाच धरून थांबे घेत वर यायचं. वर दोर सांभाळणारा माणूस दोराच्या झटक्यांनी बोले, एक झटका म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक. इराणच्या आखातात मोती काढणाऱ्यांमध्येही अशीच जोडी असायची. बुडी मारणारा घैस, आणि होडीत दोर धरून त्याला वर खेचणारा सैब. ते मोती विकायला यायचे आपल्या मुंबईच्या बाजारात. मोत्यांवरची गाणी पुष्कळ आहेत. सैबावर गाणं मी तरी ऐकलेलं नाही. माझा मामेभाऊ म्हणायचा, दोर हातात असला की खालचा माणूस दमला आहे का, घाबरला आहे का, हे बोटांना कळतं.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून लागेल तेवढीच हवा देणारं यंत्र बनवलं आणि पाणबुड्या मोकळा झाला. नळी गेली, दोर गेला, शिशाचे बूट गेले. माणूस माशासारखा कुठंही पोहू लागला. स्कूबा म्हणतात ते हेच. पण या मोकळेपणात एक गोम होती. नळीवाल्याला वरून हवा येत राहते, तो लागेल तितका थांबू शकतो. टाकीवाल्याची हवा मोजकी. आणि थांबा तर चुकत नाही. खोल गेलेल्या स्कूबावाल्याला वर येताना काही तरी धरावंच लागलं. त्यानं होडीच्या नांगराचा दोर धरला.

प्रवाह नसेल तेव्हा हे ठीक. प्रवाह असला की माणूस त्या दोरावर पताकेसारखा आडवा फडफडतो. एका हातानं, मग दोन्ही हातांनी दोर पकडून ठेवायचा. दहा मिनिटांत हात भरून येतात. दमलेला माणूस जोरजोरात श्वास घेतो आणि मोजकी हवा दुप्पट वेगानं संपते. त्यात वर होडी लाटेवर चढते-उतरते, तिच्याबरोबर नांगराचा दोर वरखाली हिसकतो, आणि दोराला चिकटलेला माणूसही. सहा मीटरवर दाब एक पूर्णांक सहा वातावरणांचा, तीन मीटरवर एक पूर्णांक तीन. इतक्या वर मीटर-दीड मीटरचा हिसका हा मोठा फरक आहे. कोष्टक म्हणतं तीन मीटर, आणि माणूस कधी दोनवर, कधी चारवर. चार-पाच जण एकाच वेळी वर आले असतील तर सगळ्यांना त्याच दोराच्या त्याच वितीवर जागा हवी असते. दोर सुटला तर प्रवाह माणसाला उघड्या समुद्रात घेऊन जातो. मग त्याच्यापुढं दोनच वाटा. थांबा सोडून वर यायचं आणि बुडबुड्यांचा धोका पत्करायचा, किंवा थांबा पुरा करत वाहत जायचं आणि वर आल्यावर होडी कुठं आहे हे शोधायचं.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नसतं. दीड-दोन मीटरची एक छोटी दोरी. तिचं एक टोक नांगराच्या दोराला वेढा देऊन आकड्यानं अडकवायचं, दुसरं टोक आपल्या पट्ट्याला. मग हात सोडून द्यायचे. प्रवाह माणसाला दोरीच्या लांबीइतकं मागं नेतो आणि तिथं तो निवांत तरंगतो. नांगराचा दोर हिसकला तरी हिसका मधल्या दोरीत मुरतो, माणूस आपल्या खोलीवर राहतो. पाच जण असले तर पाच दोऱ्या, गर्दी नाही. हात मोकळे राहतात, घड्याळ बघता येतं. इंग्रजीत हिला ‘जॉनलाइन’ म्हणतात. अमेरिकेतले पाणबुडे जॉन हलबर्ट यांच्या नावावर ती आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुडालेली जहाजं बघायला जाणाऱ्या लोकांत ती रुळली. त्या बाजूला १९५६ साली बुडालेलं ‘आंद्रेआ दोरिया’ हे इटालियन जहाज सत्तर-पंच्याहत्तर मीटर खोल आहे. तिथं प्रवाह जबर, पाणी गार, आणि थांबे तासाच्या हिशेबात.

ही दोरी बेभान वापरायची चीज नाही. वेढा नीट बसला नाही तर ती नांगराच्या दोरावरून घसरते. प्रवाह फार वाढला तर नांगराचा दोरच तिरका होऊन खाली दबतो आणि त्याला बांधलेला माणूसही खाली जातो. म्हणून पट्ट्याकडचा आकडा एका हातानं, बघितल्याशिवाय सुटला पाहिजे, आणि जवळ सुरी हवी. बांधून घ्यायचं, पण सुटता येईल असं. कवितेत हे मी लिहिलं असतं तर संपादकांनी कापलं असतं, फार सोपं आहे म्हणून.

ही दोरी अमेरिकेत कुणाच्या नावावर असेना, तिच्यामागचं तत्त्व आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांना फार आधीपासून माहीत आहे. रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावर डोल लावतात. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. ते खेचायचं नसतं. समुद्राच्या तळाशी पक्क्या केलेल्या खुंट्यांना दोरांनी बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात सोडून द्यायचं. प्रवाह जाळ्याचं तोंड उघडतो, पिशवी मागं ताणून धरतो, बोंबील आणि जवळा आपसूक आत येतात. होडी तिथंच जाळ्याशी बांधून पाणी फिरायची वाट बघते. प्रवाहाशी झगडलं तर दोर तुटतो, बांधून सैल सोडलं तर प्रवाहच काम करतो. पाठीवर टाकी घेतलेला माणूस थांब्यावर नेमकं हेच करत असतो.

वाट बघणं हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलकडून होडीनं याच खाडीनं अष्टमीला आला आणि इथून पुढं खुष्कीनं रायगडाकडे गेला. रोहा-अष्टमीला गलबतं यायची ती भरतीवर. पाणी चढलं की वर, उतरलं की खाली. माझ्या लहानपणी म्हातारे लोक तिथीवरून भरतीची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे समुद्राकाठी तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. आमच्या घरात महिने मोहरम-सफरचे मोजले जात, पण भरतीसाठी सगळे जण तिथीच विचारत. चांद तोच, म्हणून अडत नसे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी थोडंच हलतं. आमच्या गावाला अष्टमी नाव का पडलं याच्या कथांत मी पडत नाही. पण प्रवाहात काम करणारा कुठलाही पाणबुडा कॅलेंडरात आधी हीच तिथी शोधतो, आणि त्या दिवसातही भरती संपून ओहोटी लागायच्या मधला स्तब्ध वेळ.

तेलाच्या कामाला मात्र भांगाची वाट बघणं परवडत नाही. बॉम्बे हायचा शोध १९७४ साली ‘सागर सम्राट’वरून लागला, १९७६ साली तेल निघू लागलं. पाण्याची खोली तिथं पंच्याहत्तर मीटरच्या आसपास. प्लॅटफॉर्मचे पाय, तळावरच्या वाहिन्या, त्यांचे सांधे, सगळं बघायला आणि दुरुस्त करायला माणूस खाली लागतो. रोज पंच्याहत्तर मीटर उतरायचं आणि रोज प्रवाहात लटकत तासन् तास थांबायचं, हे जमणारं नव्हतं. त्यावरची तोड अमेरिकन नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी १९५७पासून शोधली होती. शरीरात एका दाबाला मावेल तितका वायू एकदा भरला की आणखी भरत नाही. मग माणूस खाली एक दिवस राहो की वीस दिवस, थांबा तेवढाच. तेव्हा पाणबुड्यांना जहाजावरच्या पोलादी खोलीत खोल समुद्राच्या दाबातच ठेवायचं. नायट्रोजननं खोलवर नशा येते, म्हणून श्वासाला हेलियम मिसळलेली हवा. कामाच्या वेळी घंटेच्या आकाराच्या डब्यातून खाली सोडायचं, पाळी संपली की परत खोलीत. जेवण, झोप सगळं तिथंच. महिन्याच्या शेवटी एकदाच दाब उतरवायचा. त्याला ढोबळ हिशेबानं दर तीस मीटरला एक दिवस आणि वर एक दिवस लागतो. म्हणजे पंच्याहत्तर मीटरवाल्याला साडेतीन दिवस. थांबा पाण्यातून काढून जहाजावर आणला, लाट आणि प्रवाह यांच्यापासून सोडवला. घंटेतून बाहेर पडणाऱ्याच्या अंगाला नळी-दोराचा जुडगा असतो. त्याला मराठीत नाळ म्हणावं, दुसरा शब्द शोधू नये.

‘समुद्र सुरक्षा’वरचे ते सहा जण अशा खोलीत होते. बाहेर आग लागली आणि किनारा तीन-साडेतीन दिवस दूर होता. प्रवाहापासून सोडवलेला थांबा आगीपासून सुटला नव्हता.

याहून वेगळी, थांबाच टाळण्याची वाटही लोकांनी काढली. तिची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. मे १९२२मध्ये लंडनहून मुंबईला निघालेलं पी अँड ओ कंपनीचं ‘इजिप्त’ हे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यापाशी धुक्यात ‘सेन’ या जहाजावर आदळून बुडालं. त्यात मुंबईकडे चाललेलं दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं. खलाशी पुष्कळसे हिंदी. अशा जहाजांवर गोव्याचे, कोकणातले, गुजरातचे लोक असत आणि त्या सगळ्यांना मिळून ‘लष्कर’ म्हणत. जहाज सव्वाशे मीटरहून खोल गेलं होतं. तिथं कुठल्याही कोष्टकाचा उपयोग नव्हता. ‘आर्तिल्यो’ या जहाजावरच्या इटालियन पाणबुड्यांनी एक जाड पोलादी पिंप केलं, काचेच्या खिडक्या असलेलं. आत माणूस, आत जमिनीवरचाच दाब. तो फक्त बघायचा आणि टेलिफोनवरून सांगायचा, वरची माणसं त्याच्या सांगण्यावर यांत्रिक पंजा हलवायची. वर आला की झाकण उघडून सरळ बाहेर. जून १९३२मध्ये पहिलं सोनं निघालं. त्याआधी, १९३०च्या डिसेंबरात, दुसऱ्या एका बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजावर सुरुंग लावताना पहिलं ‘आर्तिल्यो’ त्यातल्या बहुतेक माणसांसकट उडालं होतं. सोन्याचा हिशेब विट न् विट मिळतो. ‘इजिप्त’वरच्या लष्करांची नावं शोधायला मी एकदा निघालो होतो, पण जहाजी कागदांत आमच्या लोकांची नावं अशी लिहिलेली असतात की त्यांच्या आईनं हाक ऐकली तरी ओ दिली नसती.

आता हा विषय तेलवाल्यांपुरता राहिलेला नाही. मालवण-तारकर्लीला एमटीडीसीनं पाणबुडीचं प्रशिक्षण सुरू केल्यापासून मराठी मुलंमुली टाक्या बांधून पाण्यात जाऊ लागली आहेत. हौशी पर्यटकाला नेतात ते थोड्याच मीटरांवर. तिथं थांब्याचा प्रश्न येत नाही. पण त्याच किनाऱ्यासमोर, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर, आंग्रे बँक आहे. आमच्या कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला हा पाण्याखालचा पठार. सभोवती समुद्र शेकडो मीटर खोल, आणि पठाराचा माथा वीस-पंचवीस मीटरवर. प्रवाळ, रंगीत मासे, स्वच्छ पाणी. आडोसा कुठंच नाही. होडीला रात्रभर प्रवास करून जावं लागतं, आणि प्रवाह कुठल्या खाडीचा नाही, उघड्या समुद्राचा.

वीस मीटरवर माणूस साधारण पाऊण तास राहिला तर कोष्टकाप्रमाणं थांब्याशिवाय वर येऊ शकतो. तरीही प्रशिक्षक पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला लावतात, खबरदारी म्हणून. तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. प्रवाहात, एका हातानं दोर धरून, खाली वीस मीटर निळं पाणी आणि वर होडीचा डुलणारा तळ बघत ती मोजून पाहावीत. पाऊण तासाच्या पुढं गेलेल्याला पाच मीटरवर तीन नाही, दहा-पंधरा मिनिटंही काढावी लागतात. चुकलं आणि बाधा झालीच तर उपाय एकच, माणसाला पुन्हा दाबाच्या खोलीत घालून सावकाश उतरवणं. तशी खोली आणि त्यातले जाणकार डॉक्टर मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीमध्ये आहेत. आंग्रे बँकेपासून कुलाबा किती तास, हा हिशेब पाण्यात उतरण्याआधी करायचा असतो.

मामेभावाला मी मागच्या वर्षी ही छोटी दोरी कागदावर काढून दाखवली. त्याच्या काळी बार्जवर ती नव्हती, नळीवाल्यांना तिची गरजच नव्हती. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, ‘‘भाई, ही दीड मीटर का? एक मीटर घेतली तर हिसका बसेल आणि तीन मीटर घेतली तर शेजारच्याच्या दोरीत अडकेल, म्हणूनच ना?’’ मी हो म्हटलं. त्यानं पेन घेतलं आणि नांगराच्या दोरावर दर तीन मीटरला एक गाठ काढली. ‘‘ह्या हव्यात,’’ म्हणाला, ‘‘घड्याळ बंद पडलं आणि पाणी गढूळ असलं तर हाताला कळलं पाहिजे कितव्या मीटरवर आहे ते.’’